पोटाच्या खिडकीपाशी बसलेला डॉक्टर

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा-खर्च, नफा-तोटा, हुंडी आणि धनादेश हा माझा प्रांत. तेव्हा पोटातल्या पचनाविषयी आणि एका डॉक्टरच्या आयुष्याविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न विज्ञान शाखेच्या मित्रांना पडेल. तो मलाही पडला होता. पण पोट काही फक्त विज्ञानवाल्यांनाच असते असे नाही! शिवाय या विषयाकडे मी वळलो तो दोन वाटांनी. एक वाट आमच्या घरातून निघाली आणि दुसरी व्यवसाय कायद्याच्या तासातून. दुसरीविषयी शेवटी सांगेन. आधी घरातली सांगतो.

आमच्या गावी वडिलांची पिठाची गिरणी आहे. जेवायला बसले की वडील आणि आजी यांचा एक ठरलेला वाद चालतो. वडिलांचे म्हणणे, पोट म्हणजे गिरणी. वरून दाणा टाकायचा, आत दळला जातो, खाली पीठ. आजीचे म्हणणे, पोट म्हणजे चूल. आत जठराग्नी पेटलेला असतो आणि त्यावर अन्न पुन्हा एकदा शिजते. वडील म्हणतात चावून खा, आजी म्हणते गरम गरम खा. मी दोघांचेही ऐकतो आणि पटापट गिळून कॉलेजची बस गाठतो.

हाच वाद युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनी दीडदोनशे वर्षे घातला होता, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले तेव्हा गंमत वाटली. एका पक्षाचे मत असे, की जठराच्या स्नायूंनी अन्न भरडले जाते. पचन म्हणजे निव्वळ यांत्रिक क्रिया. त्यांच्या हाताशी कोंबड्या-टर्की यांचा पुरावा होता. या पक्ष्यांच्या पोटातली जाड स्नायूंची पिशवी काचेचासुद्धा चुरा करते. दुसऱ्या पक्षाचे मत असे, की आत अन्न शिजते, आंबते किंवा एखाद्या रसात विरघळते. म्हणजे क्रिया रासायनिक. १७५२ मध्ये फ्रान्सच्या रेओमूरने एका पाळीव शिकारी पक्ष्याला धातूच्या नळीत मांस घालून गिळायला लावले. नळीची तोंडे जाळीने झाकलेली. म्हणजे आतल्या मांसाला कुणी भरडू शकणार नाही, पण रस मात्र आत शिरेल. पक्ष्याने नळी ओकून टाकली तेव्हा मांस बरेचसे विरघळलेले होते. पुढे इटलीच्या स्पालांझानीने तर स्वतःच कापडाच्या पिशव्या आणि लाकडी नळ्या अन्नासकट गिळल्या! रसाचा पक्ष वरचढ ठरू लागला. पण जिवंत माणसाच्या पोटात प्रत्यक्ष काय चालते, ते डोळ्यांनी कुणी सलग पाहिले नव्हते. पाहणार तरी कसे? पोटाला काही खिडकी नसते.

ती खिडकी पुढे एका अपघाताने पडली, आणि तिच्यापाशी बसलेल्या डॉक्टरचे नाव विल्यम ब्यूमाँट.

ब्यूमाँटचा जन्म २१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, लेबनन नावाच्या गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मोठ्या विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. एकविसाव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, एक घोडा, बर्फावरून घसरत जाणारी एक गाडी, सफरचंदाच्या मद्याचे एक पिंप आणि कष्टाने जमवलेले शंभर डॉलर एवढ्या भांडवलावर तो घराबाहेर पडला. न्यूयॉर्क राज्यातल्या शँप्लेन गावी त्याने शाळामास्तरकी केली. मिळेल ती वैद्यकाची पुस्तके वाचली. मग व्हरमाँटमध्ये एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली. त्या काळी तिकडे वैद्यक शिकण्याची ही सर्रास रीत होती. आपल्याकडे सुताराचा पोरगा सुताराच्या हाताखाली शिकावा तशी. औषधे कुटायची, जखमा बांधायच्या, रोग्याच्या उशाशी बसायचे आणि जे जे दिसेल ते वहीत टिपून ठेवायचे. ही टिपून ठेवण्याची सवयच पुढे त्याच्या आयुष्याची खरी कमाई ठरली.

१८१२ मध्ये त्याला व्यवसायाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले. ब्यूमाँट शल्यवैद्याचा साहाय्यक म्हणून सैन्यात भरती झाला. १८१३ च्या एप्रिलमध्ये यॉर्कच्या, म्हणजे आजच्या टोरांटोच्या लढाईत दारूगोळ्याचे कोठार उडाले आणि रात्रभर तो जखमींचे हातपाय कापीत बसला. भूल देण्याचे औषध तेव्हा तिकडे वापरात नव्हते. ते प्रचारात आले १८४६ पासून. युद्ध संपल्यावर काही वर्षे त्याने प्लॅट्सबर्ग येथे खाजगी व्यवसाय केला. मग पुन्हा सैन्यात शिरला. १८२० मध्ये त्याची नेमणूक झाली मॅकिनॉ बेटावर. ह्यूरन आणि मिशिगन या दोन महासरोवरांच्या मधले हे बेट म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापाराची पेठच. उन्हाळा आला, की बीव्हरची कातडी घेऊन नावाडी, शिकारी, व्यापारी यांची तिथे जत्रा भरे. एवढ्या गर्दीत डॉक्टर मात्र हा एकटाच.

६ जून १८२२ ची सकाळ. अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात गर्दी होती. कुणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून उडाली. हातभर अंतरावर उभा होता अलेक्सिस सेंट मार्टिन, कॅनडातला एक फ्रेंचभाषक नावाडी. ब्यूमाँटने त्याचे वय अठराच्या सुमाराचे लिहिले आहे. नंतरच्या काहींनी थोडे अधिक मानले. म्हणजे आपल्यातलाच एखादा. छऱ्यांचा सारा भार त्याच्या डाव्या बाजूला, छातीच्या खाली घुसला. तळहाताएवढी जखम झाली. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाचा आणि जठराचा भाग बाहेर आला, आणि सकाळची न्याहारी त्या भोकातून बाहेर सांडली. ब्यूमाँट धावत आला. पोरगा दीड दिवसही काढणार नाही अशी त्याची खात्री होती; तरी त्याने जखम धुतली, तुकडे काढले, पट्ट्या बांधल्या.

पोरगा जगला! सतरा दिवस पोटात घातलेले सारे अन्न जखमेतून बाहेर येत राहिले. मग पट्ट्यांच्या आधाराने ते आत टिकू लागले. हळूहळू जखम भरली. पण भरता भरता जठराच्या कडा बाहेरच्या कातडीला चिकटल्या आणि डाव्या स्तनाग्राच्या थोडे खाली एक भोक कायमचे राहिले. ब्यूमाँटने ते बंद करण्याचा खटाटोप केला, जमले नाही. पुढे आतल्या अस्तराचीच एक घडी पडद्यासारखी त्या भोकावर आली. बोटाने दाबली की आत सरकायची आणि जठर उघडे दिसायचे.

दरम्यान त्या भागाच्या सरकारी कारभाऱ्यांनी या गरीब परप्रांतीयाचा खर्च यापुढे करणार नाही असे सांगून हात वर केले. नावेत घालून त्याला शेकडो मैल लांब त्याच्या मुलखात पाठवून द्यावे, असा बेत होता. तसे झाले असते तर तो वाटेतच मेला असता. ब्यूमाँटने त्याला स्वतःच्या घरी नेले. स्वतःचा पगार तुटपुंजा, घरात बायको आणि तान्हे मूल. तरीही त्याने त्याला खाऊ घातले, रोज जखम धुतली. ही जमेची बाजू मी मुद्दाम आधी लिहितो, कारण पुढे खर्चाची बाजूही येणार आहे.

१८२५ मध्ये ब्यूमाँटच्या ध्यानात आले, की देवाने म्हणा किंवा अपघाताने म्हणा, जगातल्या कुठल्याही विद्वानाला न मिळालेली खिडकी आपल्या घरात लाकडे फोडते आहे. १ ऑगस्ट १८२५ रोजी, नायगारा येथील ठाण्यात, दुपारी बारा वाजता त्याने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधले : मसालेदार शिजवलेले गोमांस, कच्चे खारवलेले डुकराचे चरबट मांस, कच्चे खारवलेले गोमांस, उकडलेले खारवलेले गोमांस, शिळा पाव आणि कच्च्या कोबीची चकती. दोरा भोकातून जठरात सोडला आणि घड्याळ घेऊन बसला. एक वाजता ओढून पाहिला तेव्हा कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस जसेच्या तसे. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचे मांस आणि उकडलेले मांस दोऱ्यावरून साफ नाहीसे. उरलेल्या दोन तुकड्यांवर फारसा परिणाम नाही. प्रयोगाने सेंट मार्टिनचे पोट मात्र बिघडले. दोन दिवस तो तळमळला. तेव्हा डॉक्टरने औषधाच्या गोळ्यासुद्धा तोंडातून न देता त्या भोकातूनच आत टाकल्या.

त्याच महिन्याच्या ७ तारखेचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सेंट मार्टिनला सतरा तास उपाशी ठेवून ब्यूमाँटने आत तापमापक घातला. पारा १०० अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. मग त्याने नळीने औंसभर जठररस काढून बाटलीत घेतला, त्यात करंगळीएवढा उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला, बूच लावले आणि बाटली तेवढ्याच उष्णतेच्या पाण्यात ठेवली. तसाच दुसरा तुकडा दोऱ्याने थेट जठरात सोडला. बाटलीतले मांस चाळीस मिनिटांनी वरून विरघळू लागले आणि नऊदहा तासांत पूर्ण विरघळले. म्हणजे शरीराच्या बाहेर, नुसत्या बाटलीतही पचन होऊ शकते! रसाचा पक्ष जिंकला. त्या रसाला शिजवण्याची, आंबण्याची, भरडण्याची गरज नव्हती.

पण थांबा. जठरातला तुकडा किती वेळात संपला? सुमारे दोन तासांत. रस तोच, उष्णता तीच, मांस तेच. मग नऊदहा तास कुठे आणि दोन तास कुठे? हा जो फरक आहे त्यातच माझ्या वडिलांची गिरणी लपलेली आहे. बाटलीत रस एकदाच ओतलेला आणि निपचित पडलेला. मांसाच्या भोवतीचा रस वापरला गेला की तिथेच साचून राहतो. जठरात तसे नाही. तिथे अस्तरातून ताजा रस पाझरत राहतो आणि स्नायू आतला सारा ऐवज सारखा घुसळत राहतात. विरघळलेला थर बाजूला होतो आणि उघड्या पडलेल्या नव्या पृष्ठभागावर नवा रस येतो. ब्यूमाँटने ही घुसळणही पाहिली. त्याने आत सोडलेली तापमापकाची काच जठराच्या खालच्या टोकाकडे खेचली जाई आणि पुन्हा वर ढकलली जाई. अन्न जितके बारीक आणि मऊ, तितके पचन लवकर, असेही त्याने नोंदवले.

यामागचे गणित आम्हा वाणिज्यवाल्यांनाही करता येते. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याला सहा बाजू. एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे करा. तुकडे होतील १०००, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. अन्न तेवढेच, पण रसाला काम करायला जागा दसपट! दातांनी दहा पैशांचे काम केले की जठराचा रुपया वाचतो, तो असा.

आज हा सगळा प्रवास आपल्याला अधिक नीट ठाऊक आहे. तोंडात दात अन्न फोडतात आणि त्याच वेळी लाळेतले विकर पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर सुरू करते. म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून घास खाली नेतात. जठराचा वरचा भाग कोठाराचे काम करतो आणि खालचा भाग रगड्याचे. तिथे मिनिटाला सुमारे तीन लाटा येतात. अस्तरातून हायड्रोक्लोरिक आम्ल झरते; ते जंतू मारते, प्रथिनांच्या गाठी सैल करते आणि एका निष्क्रिय द्रव्याला जागे करून त्याचे पेप्सिन बनवते. हे पेप्सिन प्रथिने तोडते. जठराच्या खालच्या दाराशी चाळणीसारखी व्यवस्था असते. एकदोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण सहसा पुढे जात नाही. लाट त्याला परत मागे फेकते, पुन्हा रसात, पुन्हा रगड्यात. पुढे लहान आतड्यात पित्त चरबीचे बारीक थेंब करते आणि त्या थेंबांच्या पृष्ठभागावर स्वादुपिंडाचा रस काम करतो. आतडेही जागच्या जागी आकुंचन पावून सारे कालवत राहते, म्हणजे पचलेला प्रत्येक अंश भिंतीला लागून रक्तात शिरावा. थोडक्यात काय, आजीची चूल आणि वडिलांची गिरणी एकाच घरात, एकाच वेळी चालतात. दोन्हींपैकी एक थांबली तर दुसरी लंगडी पडते. आमच्या घरी इडलीचे पीठ आधी रगड्यात वाटावे लागते आणि मग रात्रभर आंबावे लागते. नुसते वाटून इडली फुगत नाही, आणि अख्खे तांदूळ आंबत ठेवूनही होत नाही. जठरात आंबणे नसते हे खरे, पण दोघांनी मिळून करायचे काम कसे असते, ते यावरून कळावे.

या मासिकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राने एक गोष्ट दाखवून दिली. कन्नडमध्ये पचनाला जीर्णक्रिये म्हणतात. मराठीत जीर्ण म्हटले की आपल्याला फाटके वस्त्र किंवा पडके देऊळ आठवते. पण पोट बिघडले की आपणही अजीर्णच म्हणतो. म्हणजे शब्द एकच. एका भाषेने त्याचा एक पदर धरला, दुसरीने दुसरा. झिजणे आणि जिरणे ही एकाच कामाची दोन नावे आहेत.

ब्यूमाँटने आणखी पुष्कळ टिपले. रिकाम्या, शांत जठराच्या अस्तराला त्याने स्वतःची जीभ लावून पाहिली आणि आंबटपणा लागला नाही; म्हणजे आम्ल आत साठून राहत नाही, अन्न आले की झरते. सेंट मार्टिन रागावला की अस्तराचा रंग आणि पचन दोन्ही बिघडे. दारू प्यायल्यावर आत लालसर चट्टे उमटत, आणि ते त्या माणसाला स्वतःला जाणवतही नसत. कोणता पदार्थ किती वेळात जिरतो याचा त्याने तक्ता केला. मऊ भात १ तास, उकळलेले दूध २ तास, कडक उकडलेले अंडे साडेतीन तास, भाजलेले डुकराचे मांस सव्वापाच तास. हे आकडे एकाच माणसाच्या जठरातले, हे विसरू नये. भाताचे खरे पचन तर पुढे आतड्यात होते. त्याच्या चुकाही झाल्या. लाळेला पाचक गुण नाही असे त्याने मानले. ते खरे नव्हते. रसात काय आहे हे शोधायला त्याने तो डंग्लिसन आणि सिलिमन या प्राध्यापकांकडे पाठवला, आणि त्यात मोकळे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे निष्पन्न झाले. इंग्लंडच्या विल्यम प्राउटने काही वर्षांपूर्वी हेच सांगितले होते. पेप्सिनचा शोध मात्र १८३६ मध्ये जर्मनीत श्वानने लावला. १८३३ मध्ये ब्यूमाँटने आपले पुस्तक प्लॅट्सबर्ग येथे छापले : २३८ प्रयोग आणि ५१ निष्कर्ष. पुढे रशियात पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या पोटाला शस्त्रक्रियेने अशाच खिडक्या पाडून पचनाचा अभ्यास केला आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

आता दुसरी वाट. सेंट मार्टिन १८२५ मध्ये, प्रयोग अर्धवट टाकून, न सांगता कॅनडाला निघून गेला. त्याने लग्न केले, मुले झाली, पुन्हा नाव वल्हवू लागला. ब्यूमाँटने कंपनीच्या माणसांकरवी त्याला शोधून काढले आणि १८२९ मध्ये बायकामुलांसह सुमारे दोन हजार मैलांवरून, मिसिसिपीकाठच्या ठाण्यात आणवले. १८३१ मध्ये तो पुन्हा घरी गेला. तेव्हा १८३२ मध्ये ब्यूमाँटने रीतसर करारच केला. सेंट मार्टिनने एक वर्ष डॉक्टरची चाकरी करावी, जिथे नेईल तिथे जावे आणि आपले जठर प्रयोगांसाठी खुले ठेवावे. बदल्यात जेवणखाण, कपडे, निवारा आणि १५० डॉलर. करार इंग्रजीत. सेंट मार्टिनची भाषा फ्रेंच, आणि अक्षरओळख नाही. त्याने खाली फुली मारली.

व्यवसाय कायद्याच्या तासाला सरांनी १८७२ चा भारतीय करार कायदा शिकवताना कलम १० फळ्यावर लिहिले : सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर प्रतिफल. कलम १६ मध्ये अनुचित प्रभाव येतो. एकाचे दुसऱ्यावर वर्चस्व असेल आणि त्याने त्याचा गैरफायदा घेतला तर संमती मुक्त राहत नाही. ज्याने प्राण वाचवले, ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याला नाही म्हणणे किती जणांना जमेल? त्याच तासाला माझ्यासमोर सेंट मार्टिनची फुली उभी राहिली, आणि तिच्या शेजारी आणखी एक सही.

ती सही माझ्या चुलतभावाची. दादा शहरातल्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. इस्पितळात तिसऱ्या दिवशी एक माणूस कागद घेऊन आला. कागद कन्नडमध्ये होता. दादाला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. घरात ते वाचता येणारा मी एकटा; साहजिकच कागद माझ्या हातात आला. मी वाचून मराठीत सांगितला. रक्कम मोठ्याने सांगितली, कारण ती आम्हाला तेव्हा मोठी वाटली. यापुढे काही मागणे राहिले नाही, अशा अर्थाची जी ओळ होती, ती मी पटकन वाचून पुढे गेलो. छापील कागदात असे असायचेच, असे मला वाटले. दादाने डाव्या हाताने सही केली. तो माणूस गेला. आज दादा त्या हाताने जड काम करू शकत नाही आणि रक्कम केव्हाच संपली. त्याने मला कधी बोल लावला नाही. त्यामुळेच जास्त लागते.

म्हणून ब्यूमाँटला मोठा म्हणायचे की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेपुरता नाही. तो दुष्ट नव्हता. त्याने स्वतःचे पैसे खर्च केले; ते परत मिळावेत म्हणून देशाच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. रस काढताना सेंट मार्टिनच्या पोटात खड्डा पडल्यासारखे होई, डोळ्यांपुढे अंधारी येई. हे आपल्याला ठाऊक आहे तेही ब्यूमाँटने प्रामाणिकपणे लिहून ठेवले म्हणूनच. पण त्याच्या वहीत जठराची भाषा पानोपानी आहे, आणि ज्याचे ते जठर त्याची स्वतःची भाषा जवळजवळ कुठेच नाही. रागावल्यावर अस्तर कसे दिसते ते आहे. तो का रागावला, ते नाही.

१८३४ मध्ये सेंट मार्टिन कॅनडाला गेला तो परत आलाच नाही. ब्यूमाँटने पुढची कित्येक वर्षे पत्रे धाडली, माणसे धाडली, पैसे देऊ केले. व्यर्थ! सैन्य सोडून तो सेंट लुईस शहरात व्यवसाय करू लागला. १८५३ च्या हिवाळ्यात एका रोग्याला पाहून परतताना बर्फाळ पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही. २५ एप्रिल १८५३ रोजी तो वारला. पोटाला भोक असलेला माणूस त्याच्यामागे सत्तावीस वर्षे जगला. २४ जून १८८० रोजी क्वेबेकमध्ये सेंट मार्टिन गेला. त्याचे जठर संग्रहालयात ठेवावे अशी डॉक्टरांची इच्छा होती. घरच्यांनी त्यांना न येण्याचा निरोप धाडला, प्रेत उन्हाळ्याच्या उष्म्यात मुद्दाम कुजू दिले आणि आठ फूट खोल पुरले. त्या कुटुंबाने केलेला हा शेवटचा करार. त्यात मात्र कुणाची फुली नव्हती. १९६२ मध्ये कॅनडाच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या दफनभूमीपाशी त्याच्या नावाचा फलक लावला.

ताळेबंद मांडायला मी बसलो होतो, पण दोन्ही बाजू जुळत नाहीत. एका माणसाचा जीव वाचला, साऱ्या जगाला पोट कळले. आणि त्याच माणसाच्या नावावर एक येणे कायमचे राहिले. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने अशा वेळी काय करावे? फरकाची रक्कम लपवू नये, ती खात्यावर तशीच दाखवावी. मी तेवढेच केले आहे.

गेल्या महिन्यात दादा घरी आला होता. त्याच्यापुढे मी तो कागद पुन्हा उलगडला आणि एक एक ओळ थांबून, मराठीत सांगून, समजली का विचारीत वाचली. अर्धा तास लागला. आता ओळखीच्या एका वकिलांना तो दाखवायचा आहे. काही निघेल की नाही ते ठाऊक नाही. वाचून झाल्यावर आजीने दोघांना ताटे वाढली. वडिलांनी सवयीने सांगितले, चावून खा. त्या दिवशी मी बस चुकवली.